कामावर अपघात झाला. वकील करावा का?

या महिन्यात वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या बऱ्याच पत्रांत एकच काळजी आहे: कामावर इजा झाली, वकील केला तर खर्च परवडेल का, आणि नाही केला तर फसगत होईल का?

आमचा अनुभव असा की वकिलाची गरज जखमेच्या आकारावरून कमी आणि वाद कशावर आहे यावरून जास्त ठरते. अपघात काम करतानाच झाला, जखमी माणूस आपलाच कामगार आहे, त्याचा पगार एवढा होता आणि कमाईची क्षमता एवढे टक्के गेली, या चारही गोष्टी मालकाला मान्य असतील तर उरते फक्त गणित. ते कुणालाही करता येते. यातली एक जरी गोष्ट मालक नाकारत असेल तर वकील लागतो, आणि पहिला अर्ज लिहिण्याआधीच लागतो. अर्जात चुकीचे लिहिले गेलेले पुढे दुरुस्त करताना वर्ष निघून जाते.

एक खुलासा आधीच करतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. खालच्या पत्रांतले अपघात मात्र त्याआधीचे आहेत. हक्क अपघाताच्या दिवशी असलेल्या कायद्यावर ठरतो, त्यामुळे उत्तरांत कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ आणि राज्य कामगार विमा कायदा, १९४८ यांचे आकडे दिले आहेत. नव्या संहितेतही पगार, वय आणि टक्केवारी यांवरूनच भरपाई काढतात. जुन्या कायद्यात भरपाईचे दावे ऐकून निकाल देणारा अधिकारी म्हणजे भरपाई आयुक्त; त्याच्या जागी नव्या संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ आहे.

प्रश्न : माझा मुलगा ३० वर्षांचा आहे. सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करताना उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे गेली. पगार १८,००० रुपये, ईएसआय (राज्य कामगार विमा) नाही. मालकांनी दवाखान्याचे ४०,००० भरले. आता ते म्हणतात, ‘५०,००० देतो, कामावरही ठेवतो, फक्त स्टॅम्प पेपरवर सही कर.’ मालक वाईट नाहीत. वकील केला तर संबंध बिघडतील का?

आधी आकडा काढू, मग संबंधांकडे येऊ.

भरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवनिहाय टक्केवारी छापलेली आहे. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के. मुलाची इजा ११ टक्क्यांच्या रकान्यात बसते. पगार १८,००० असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी महिना जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरले जातात. कायमच्या अपंगत्वात त्याचे ६० टक्के धरतात, म्हणजे ९,०००. कायद्यात वयानुसार गुणक ठरवून दिलेले आहेत; तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे. ९,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०, आणि त्याचे ११ टक्के म्हणजे सुमारे २,०५,९००. पन्नास हजारांशी ही रक्कम ताडून पाहा.

दवाखान्याचे ४०,००० यातून वजा होत नाहीत. उपचारावर मालकाने केलेला खर्च भरपाईत धरायचा नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. उलट उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. पुढे ड्रेसिंग, फिजिओथेरपी, दुसरी शस्त्रक्रिया असे काही लागले तर त्याची बिलेही जपून ठेवा.

आता तो स्टॅम्प पेपर. त्यावर ‘माझी कोणतीही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ असे लिहिलेले असते. कायद्याने मिळणारा हक्क असा सोडून देता येत नाही. तसा करार रद्दबातल ठरतो. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिचे निवेदन मालकाने भरपाई आयुक्तांकडे नोंदणीसाठी पाठवावे लागते. रक्कम अपुरी आहे किंवा दबावाखाली सही घेतली आहे असे दिसले तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मालकाने निवेदन पाठवलेच नाही, तर पूर्ण भरपाईची जबाबदारी त्याच्यावर कायम राहते आणि आधी दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त त्याला सहसा वजा करता येत नाही. म्हणजे आज ५०,००० देऊन कागद कपाटात ठेवला, तरी त्यातले २५,०००च पुढे हिशेबात धरले जातील. हे मालकांना शांतपणे समजावून सांगा. अनेक छोट्या मालकांना हे माहीतच नसते. नोंदणी झालेल्या तडजोडीत त्यांचेही संरक्षण आहे, कारण त्यानंतर दुसरा दावा येत नाही.

तेव्हा या टप्प्यावर वकीलपत्रावर सही करण्याची गरज आम्हाला दिसत नाही. एकदा फी देऊन सल्ला घ्या, कागद दाखवा, आकडा तपासून घ्या, तेवढे पुरे. त्यानंतर मालकांना लेखी अर्ज द्या. अपघाताची तारीख, वेळ, यंत्र, इजा, पगार, वय आणि मागणीचा आकडा एवढेच लिहा. एक प्रत हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. रक्कम देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज चढते. तुमच्या रकमेवर ते वर्षाला सुमारे २४,७०० होते. उशिराला सबळ कारण नसेल तर आयुक्त मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात. मालकांनी विमा घेतला असेल तर भरपाई कंपनी भरते, पण दंड मालकाच्याच खिशातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे स्पष्ट केले आहे. वाटाघाटीत हा मुद्दा फार उपयोगी पडतो, म्हणून मालकांची पॉलिसी आहे का हे आधीच विचारून घ्या.

एका परिस्थितीत मात्र आमचे उत्तर बदलेल. मुलगा उजव्या हाताने बारीक काम करणारा असेल, उदाहरणार्थ टूलरूममध्ये फिटिंग किंवा घासकाम, आणि ते काम आता त्याला जमतच नसेल, तर ११ टक्के हा आकडा कमी पडतो. शरीराचा किती भाग गेला आणि कमाईची ताकद किती गेली हे दोन वेगळे हिशेब आहेत. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये कमाईची क्षमता शंभर टक्के गेल्याचे मान्य केले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. असा दावा करायचा तर डॉक्टरची साक्ष लागते, उलटतपासणी होते. तिथे वकील हवाच.

प्रश्न : कंपनीत शिडीवरून पडून पाठीच्या मणक्याला मार लागला. पगार १९,५०० रुपये, ईएसआय कापला जातो. चूक कंपनीची आहे, शिडी तुटकी होती. कंपनीवर केस टाकण्यासाठी वकील शोधतो आहे.

तो शोध थांबवा. ईएसआयमध्ये विमाधारक असलेल्या कामगाराला कामावरच्या इजेबद्दल मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. १९४८च्या कायद्याच्या कलम ५३ने तो रस्ता बंद केला आहे. चूक कुणाची हा प्रश्नच तिथे येत नाही. ‘कंपनीकडून दहा लाख काढून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला या कलमाबद्दल विचारा.

तुमचे पैसे ईएसआय चालवणाऱ्या राज्य कामगार विमा महामंडळाकडे आहेत. कामावर येता येत नाही तोवर रोजच्या सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. कामावरची इजा असेल तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे. यासाठी दोन कागद वेळेवर व्हायला हवेत: कंपनीने महामंडळाकडे पाठवायचा अपघाताचा अहवाल आणि ईएसआय डॉक्टरांचे दाखले. घोळ बहुधा पहिल्या कागदात होतो. कंपनी ‘आजारी रजा’ दाखवते आणि अहवाल पाठवतच नाही. मग मिळतो आजारपणाचा लाभ, जो कमी आहे आणि मर्यादित दिवसांचा आहे. म्हणून अहवालाची प्रत मागा. देत नसतील तर शाखा कार्यालयात स्वतः लेखी कळवा आणि पहिल्या दिवशीच्या केस पेपरवर ‘कामावर शिडीवरून पडून’ असे लिहिलेले आहे का ते पाहा. तिथे नुसते ‘पाठदुखी’ लिहिले असेल तर डॉक्टरांना भेटून लगेच दुरुस्ती मागा. तीन महिन्यांनी कुणी दुरुस्त करत नाही.

कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्यावर मासिक लाभ मिळतो. मंडळाचा आकडा फार कमी वाटला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालय आहे. वकील तिथे लागतो. मणक्याच्या इजेत बोट गेल्यासारखे डोळ्यांना दिसणारे काही नसते, त्यामुळे टक्केवारीवर वाद होण्याची शक्यता खरीच मोठी आहे. एमआरआय आणि नर्व्ह कंडक्शनचे अहवाल आताच नीट फाइल करून ठेवा.

कंपनीने पगारातून कापून वर्गणी भरलीच नसेल तरी घाबरू नका. लाभ देऊन महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तुटक्या शिडीची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते. तिच्यातून तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, पण दुसरा कुणी त्याच शिडीवरून पडणार नाही. ती जरूर करा.

प्रश्न : माझे पती (वय ३५) बांधकामाच्या साइटवर सेंट्रिंगचे काम करताना सहाव्या मजल्यावरून पडून गेले. मुकादमाने अंत्यविधीला वीस हजार दिले आणि फोन बंद केला. बिल्डर म्हणतो, ‘हा आमचा माणूसच नाही.’ मी दोन मुलांना घेऊन गावी, दुसऱ्या जिल्ह्यात आले आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

ताई, तुमच्या प्रकरणात वकील हवाच, आणि त्यासाठी पैसे लागणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो. उत्पन्न किती आहे हे तिथे पाहिले जात नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. साध्या कागदावर अर्ज लिहून दिला तरी चालतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मोफत दिलेल्या वकिलाने पैसे मागितले तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार करा, वकील बदलून मिळतो.

दावा साइटच्याच शहरात करावा लागेल ही तुमची भीती आम्ही समजू शकतो. तसे नाही. अपघात जिथे झाला ते ठिकाण, तुम्ही सध्या राहता तो जिल्हा आणि मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे ते ठिकाण, या तिन्हींपैकी कुठेही अर्ज करता येतो. तुमच्या जिल्ह्यातच करा. दर तारखेला मुलांना शेजाऱ्यांकडे ठेवून प्रवास करावा लागला की माणसे दावा सोडून देतात, आणि समोरचा त्याचीच वाट पाहत असतो.

‘आमचा माणूस नाही’ या उत्तराला कायद्यात तोड आहे. आपल्या धंद्याचेच काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालक ठेकेदाराच्या कामगारालाही भरपाई द्यायला बांधील असतो. नंतर ती तो ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. सेंट्रिंग हा बांधकामाचाच भाग आहे. म्हणून अर्जात मुकादम, ठेकेदार आणि बिल्डर असे तिघेही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करा. एकट्या मुकादमाचे नाव घातले आणि तो सापडलाच नाही, तर निकाल हातात असूनही पैसे मिळत नाहीत. वकिलाकडे पहिल्या भेटीतच या तीन नावांचा आग्रह धरा.

पती त्या साइटवर काम करत होते हे सिद्ध करणे हा या दाव्याचा कणा आहे. गोळा करायचे कागद असे: पोलिसांचा आकस्मिक मृत्यूचा किंवा गुन्ह्याचा अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गेटपास किंवा हेल्मेटवरचा नंबर, मुकादमाने फोनवरून पाठवलेले पैसे आणि त्याचे मेसेज, पीएफचा क्रमांक असेल तर तो, आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे व गावचे पत्ते. शेवटचे सगळ्यात आधी करा. सेंट्रिंगची टोळी एका साइटवर टिकत नाही. दोन महिन्यांनी ती माणसे कुठे असतील सांगता येत नाही. मुकादमाचे मेसेज असलेला फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, स्क्रीनशॉटच्या दोन प्रती छापून ठेवा.

रकमेचा अंदाज: १५,००० पगार सिद्ध झाला तर मृत्यूच्या दाव्यात त्याचे ५० टक्के, म्हणजे ७,५००, गुणिले पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६, होतात १४,७७,९५०. शिवाय अंत्यविधीचा खर्च आणि व्याज. मृत्यूच्या प्रकरणात ही रक्कम मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. परस्पर तुमच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. फक्त आगाऊ म्हणून दिलेली तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची रक्कम वजा होऊ शकते. कुणी घरी येऊन ‘दोन लाख घ्या आणि मिटवा’ म्हणाले तर आयुक्तांकडे जमा करायला सांगा.

दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका. पतींची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होती का तेही पाहा. असेल तर मंडळाची मदत या भरपाईपेक्षा वेगळी आहे आणि तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

प्रश्न : वकील म्हणतात, ‘आता काही देऊ नका, निकालानंतर २५ टक्के द्या.’ बरे वाटते. पण कोऱ्या वकीलपत्रावर आणि दोन कोऱ्या चेकवर सह्या मागितल्या आहेत.

चेक देऊ नका. आपल्याकडे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवण्याची किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याची परवानगी नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांत हे स्पष्ट आहे. शिवाय भरपाईची रक्कम कुणाच्या नावे करून देता येत नाही आणि तिच्यावर जप्तीही येत नाही. म्हणजे असा करार तुमच्यावर बंधनकारक नाही, पण कोरा चेक मात्र बँकेत वटू शकतो.

फी टप्प्यांत ठरवा: अर्ज दाखल करताना अमुक, पुरावा संपल्यावर अमुक, युक्तिवादानंतर उरलेली. टायपिंग, झेरॉक्स, डॉक्टरला बोलावण्याचा भत्ता हे खर्च फीमध्ये आहेत की वेगळे, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. प्रत्येक वेळी पावती मागा. वकीलपत्र पूर्ण भरलेले असेल तरच सही करा आणि त्याचा फोटो काढा. रक्कम तुमच्याच बँक खात्यात जमा व्हावी असा अर्ज तुमच्याच सहीने द्या.

भेटीत एवढे जरूर विचारा. भरपाई आयुक्तांपुढे याआधी किती प्रकरणे चालवली? माझ्या प्रकरणात टक्केवारीचा दाखला कोण देणार आणि तो डॉक्टर साक्षीला येणार का? विमा कंपनीला सामनेवाला करणार का? दुसरा प्रश्न ऐकून जो वकील थबकतो, त्याच्याकडे हे काम देऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. डॉक्टर साक्षीला आला नाही म्हणून निव्वळ दाखल्यावर टक्केवारी मान्य न होणे, हे या दाव्यांत वारंवार घडते.

पुढे वकील बदलावासा वाटला तर फी थकली या सबबीवर जुना वकील तुमची फाइल अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तसे ठरवले आहे. आणि वकील करणे सक्तीचे नाही हेही लक्षात ठेवा. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही आयुक्तांपुढे तुमच्या वतीने उभा राहू शकतो. चांगल्या संघटनेत या कामात मुरलेली माणसे असतात.

प्रश्न : मी टेम्पोचालक आहे. मालाची खेप पोहोचवताना समोरून चुकीच्या बाजूने आलेल्या ट्रकने धडक दिली. पाय गेला. मालकावर दावा करू की ट्रकवर?

मालकावर भरपाई आयुक्तांपुढे आणि ट्रकवर मोटार अपघात न्यायाधिकरणात, असे दोन्ही रस्ते उघडे आहेत, पण भरपाई एकाच रस्त्याने घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे एक निवडावा लागतो. निवड चुकली तर सहसा माघारी फिरता येत नाही, म्हणून अर्ज करण्याआधी वकिलाला भेटा. हा सल्ला आम्ही इतक्या ठामपणे फार थोड्या प्रश्नांत देतो.

आयुक्तांपुढे कुणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही, पण पगार १५,०००च धरला जातो. मोटार अपघात न्यायाधिकरणात ट्रकचालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, मात्र खरा पगार, पुढे वाढू शकणारी कमाई, वेदना, कृत्रिम पायाचा खर्च हे सारे मागता येते. चूक समोरच्याची होती हे पंचनाम्यात दिसत असेल आणि ट्रकचा विमा चालू असेल, तर बहुधा न्यायाधिकरणातच जास्त मिळते. चूक तुमची असती तर आयुक्तांचा रस्ता बरा होता. न्यायाधिकरणाच्या अर्जाला कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. दोन वर्षे आहेत असे समजून बसू नका.

प्रश्न : सुटी झाल्यावर दुचाकीवरून घरी येताना घसरून हात मोडला. कंपनी म्हणते, गेटबाहेरचा अपघात आमचा नाही.

पूर्वी असे दावे सहसा फेटाळले जात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साखर कारखान्यातल्या एका रखवालदाराच्या प्रकरणात, कामाला जाता-येतानाचा अपघातही कामाशी वेळ, जागा आणि परिस्थितीने जोडलेला असेल तर भरपाईच्या कायद्यात बसतो, असा निकाल दिला. नव्या संहितेत तर हे शब्दांत लिहिलेलेच आहे. वाटेत वळण घेतले नव्हते हे दाखवता यायला हवे: पंचिंगची वेळ, अपघाताची वेळ आणि नेहमीचा रस्ता. कंपनी लेखी नकार देत असेल तर वकील करा, कारण वाद मुळातल्या हक्काचा आहे.

प्रश्न : मालक म्हणतात, यंत्राचा गार्ड (सुरक्षेचे झाकण) काढून काम केले म्हणून काही मिळणार नाही.

निष्काळजीपणा झाला एवढ्याने भरपाई जात नाही. दारू किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडणे किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढणे, एवढ्याच कारणांनी मालक सुटू शकतो. मृत्यू झाला असेल किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर या कारणांनीही सुटका नाही. प्रेसवर उत्पादन वाढावे म्हणून सुपरवायझरच गार्ड काढून ठेवायला लावतो, आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तो गार्ड परत बसलेला असतो. पाळीतल्या कुणाकडे आधीचा फोटो असेल तर आजच मागून घ्या. मालकाने हे कारण लेखी दिले असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका, कारण आता साक्षीदार तपासावे लागणार.

प्रश्न : शेतात मळणी यंत्रावर मजुराचा हात गेला. शेतमालक गावातलेच आहेत. शेतीला हा कायदा लागतो का?

यंत्राच्या किंवा विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेतीकाम करणारा मजूर कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे लागतो. जबाबदारी त्याला कामाला ठेवणाऱ्याची. यंत्र भाड्याने आणले होते की शेतमालकाचे, मजूर यंत्रवाल्याचा होता की शेतमालकाचा, इथेच वाद होतो. म्हणून दोघांनाही सामनेवाले करावे आणि यंत्राचा विमा आहे का ते पाहावे. मजुराने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. गावकीच्या बैठकीत ठरलेली रक्कम नोंदणीशिवाय अंतिम मानू नये.

प्रश्न : आयुक्तांचा निकाल माझ्या बाजूने लागला. मालक म्हणतात हायकोर्टात जाईन, बघतो पैसे कसे घेतोस.

जाऊ दे त्यांना. अपिलाला ६० दिवस आहेत, ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच करता येते, आणि मालकाला निकालातली रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करून तसा दाखला अपिलाला जोडावा लागतो. म्हणजे धमकी खरी करायची तरी त्यांना आधी पैसे जमा करावेच लागतात. अपिलाची नोटीस आली तर उच्च न्यायालयात वकील लागेल; तिथेही विधी सेवा समितीमार्फत मोफत मिळू शकतो. औद्योगिक कामगार या नात्याने तुम्ही स्त्रियांप्रमाणेच उत्पन्नाची अट न लागता पात्र आहात.

६० दिवस उलटूनही अपील नाही आणि पैसेही नाहीत, तर आयुक्तांकडे वसुलीचा अर्ज करा. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तहसील कार्यालय कारवाई करते. हे काम तुम्हाला स्वतः करता येईल. मालकाच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका, शेडचा पत्ता आणि बँकेचे नाव अर्जाला जोडा. जप्त काय करायचे हे कागदावर नसले की वसुलीची फाइल तहसीलमध्ये तशीच पडून राहते.